गावाचा पट, तीस जणींचे हात: दुसरीचा टाका उसवावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुमच्या गावातल्या तीसेक बाया मिळून गावाचा इतिहास भरतकामातून एका पटावर उतरवताय. तीस फूट लांब, तीन फूट उंच, अडीच-अडीच फुटांचे बारा तुकडे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात लावायचा आणि तारीख धरलीय २६ जानेवारी. तुम्ही शाळेत असल्यापासून भरतकाम करता. बाकीच्यांपैकी बहुतेकींनी सुई धरली ती गोधडीपुरती, नाहीतर फाटलं-उसवलं शिवण्यापुरती. पहिले दोन तुकडे भरून आले, शेजारी-शेजारी ठेवले आणि तुमच्या डोळ्यांना खुपले. एकीचा टाका बारीक, दुसरीचा बोटाच्या पेराएवढा, कुठे कापड आकसलेलं, कुठे रेघ मध्येच जाड झालेली. आता तुम्ही विचारताय की हे तुकडे घरी नेऊन गुपचूप उसवून पुन्हा भरावेत, की आपला वेगळा तुकडा घेऊन मोकळं व्हावं, की यातून अंगच काढून घ्यावं.

तिन्ही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. रुखवतातले रुमाल, तोरणं, देवघराचे पडदे यांवर हात बसला आणि पुढे गावोगावच्या बचत गटांबरोबर असे सामुदायिक पट करत आले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. पटाचा एकसारखेपणा पहिला टाका घालण्याआधीच ठरतो. कापड, दोरा, बाहेरची रेघ आणि कामाची वाटणी या चार गोष्टी एका हातात असल्या, तर आतला टाका तीस जणींचा तीस तऱ्हांचा असला तरी पट एकाच गावाचा दिसतो. तुमचं जन्मभराचं कसब त्या चार गोष्टींत लागायला हवं. दुसरीचं उसवण्यात ते खर्ची घालू नका.

तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरीचा ठेका पक्का असला की मागे म्हणणाऱ्यांचे आवाज कसेही असले तरी भजन रंगतं. पटाचंही तसंच आहे, आणि तुमच्या पटात ठेका म्हणजे बाहेरची रेघ. म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

माणूस, बैल, विहीर, झाड, काहीही असो, त्याची बाहेरची रेघ सगळ्या तुकड्यांत एकाच टाक्याने, एकाच रंगाने आणि तितक्याच पदरांनी भरायची. मी देठ टाका (स्टेम स्टिच) घेते, सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर, रंग गडद तपकिरी. काळा घेत नाही, कारण बदामी कापडावर काळी रेघ फार कोरडी दिसते आणि तिच्यातली प्रत्येक चूक उठून येते. देठ टाका सोपा आहे, पण त्यात एक खोच आहे. आपण डावीकडून उजवीकडे जातो तेव्हा दोरा सुईच्या खालच्या बाजूला राहतो. अर्ध्या बाया खाली ठेवतात, अर्ध्या नकळत वर ठेवतात, आणि मग रेघेचा पीळच उलटा पडतो. टाका दोघींचाही बारीक, नीट असतो, तरी दोन रेघा जिथे मिळतात तिथे तुटल्यासारखं दिसतं. तुम्हाला शेजारचा तुकडा खुपतोय त्याचं एक कारण हे असण्याची दाट शक्यता आहे. नीट जवळून बघा.

तुमच्या गटात कुणी डावखुरी असेल तर तिला वेगळं सांगावं लागतं. ती उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून तिनेही दोरा खाली ठेवला तर पीळ उलटा येतो. तिला दोरा वरच्या बाजूला ठेवायला सांगा. तिची रेघ बाकीच्यांच्या रेघेशी बरोबर जुळेल. सगळ्या जणी एका ओळीत बसून आठ-आठ इंच रेघ भरतील अशी एक बैठक फक्त यासाठी घ्या, चिंधीवर. बाकी काही शिकवायचं नाही त्या दिवशी.

रेघ एकाच तऱ्हेची ठेवायची, हे काही मी शोधलेलं नाही. फ्रान्समधल्या बायो शहरातला पट जगभर प्रसिद्ध आहे. अकराव्या शतकातला, जवळजवळ ७० मीटर लांब आणि फक्त अर्धा मीटर उंच, लिननच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने भरलेला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याची गोष्ट त्यावर आहे. त्याच्या रेघा मुख्यतः देठ टाक्याच्या आहेत आणि आतली मोठी जागा दोरे आडवे पसरून, त्यांच्यावर उभे दोरे टाकून, ते बारीक टाक्यांनी जागोजागी धरून भरली आहे. आपल्याकडे हिमाचलात चंबा रुमाल होतात. त्यांवरचं चित्र पहाडी शैलीतले चित्रकार काढून द्यायचे आणि बाया ते रेशमाने दोन्ही बाजूंनी सारखं दिसेल असं भरायच्या. स्कॉटलंडमध्ये २०१३ साली लोकांपुढे आलेल्या मोठ्या पटाचे १६० तुकडे हजारावर लोकांनी भरले, पण आखणी अँड्र्यू क्रमी या एकाच चित्रकाराची होती. सगळीकडे रेघ एका हातातून आली आणि भरणारे हात अनेक राहिले. म्हणून तुमच्याकडेही चित्र काढणारं माणूस एकच ठेवा. गावातला शाळामास्तर असेल, साइनबोर्ड रंगवणारा असेल, नाहीतर चांगली रांगोळी काढणारी एखादी पोरगी. बारा तुकड्यांची बारा जणांनी काढलेली चित्रं आली, तर एका तुकड्यातला बैल दुसऱ्यातल्या घराएवढा होतो आणि मग टाका कितीही देखणा असला तरी उपयोग नाही.

आता कापड. तुम्ही काय घेतलंय ते प्रश्नात लिहिलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. विणीतून सुई सरळ जाईल असं जाडसर सुती कापड हवं. केसमेंट चालतं. खादी मिळाली तर उत्तम, आणि आपल्या भागात ती मिळायला हवी. वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय आहे, आजही तिथे खादीचं काम चालतं. कापूस पिकवणाऱ्या गावाचा पट पॉलिस्टरवर भरलेला मला बघवत नाही, हे माझं मन झालं. पण व्यवहाराचं कारणही आहे. पॉलिस्टरवर दोरा सरकतो आणि नवशिक्या हाताला टाका ओढल्याचा अंदाज येत नाही.

कोरं कापड कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. सुती कापड आटतं. भरल्यानंतर आटलं तर टाके ढिले पडतात आणि चित्राला सुरकुत्या येतात. कापताना कात्री सरळ चालवायची नाही. कापडातला एक धागा ओढून काढायचा आणि ती जी रेघ उमटते तिच्यावरून कापायचं. आणि सगळ्या बारा तुकड्यांवर चित्र असं उतरवा की उभा धागा सगळीकडे उभाच राहील. कापड वाचवायला एखादा तुकडा आडवा घेतला, तर पट टांगल्यावर वर्षभरात तो वेगळा ओघळतो आणि शिवणीपाशी झोळ दिसतो. चारही बाजूंनी चार-चार इंच जादा ठेवा आणि कडेला टीप मारून घ्या, नाहीतर हाताळून हाताळून धागे सुटतात.

उंचीबद्दल एक सांगते, पटलं तर घ्या. तीन फूट उंची मांडीवर भरायला जास्त आहे. मधला भाग भरतकामाच्या गोल रिंगमध्ये धरायचा तर बाकीचं कापड गोळा करून मांडीवर घ्यावं लागतं, आणि त्यात आधी भरलेला भाग चुरगळतो. दोन फूट उंची असली तर बाई ओसरीवर बसून, दोन घरकामांच्या मधे, आरामात भरू शकते. तुमच्याकडे मोठी लाकडी चौकट करून दोन्ही बाजूंनी चौघी-चौघी बसण्याची सोय असेल, जागा रोज मोकळी राहत असेल, तर तीन फूट चालतील. पण बहुतेक गावांत ती जागा समाजमंदिरात असते आणि समाजमंदिर लग्नसराईत हातचं जातं. दोन तुकडे भरून झालेत, म्हणून वरखाली पट्टी सोडून उरलेले तुकडे दोन फुटांच्या चित्रात बसवता येतात का ते बघा. वर आणि खाली सहा-सहा इंचांची साधी किनार सगळ्यांना सारखी ठेवली की भरलेले दोन तुकडेही त्यातच सामावतील.

चित्र उतरवायला खाका करा. ट्रेसिंग पेपरवर चित्र, रेघेवरून सुईने जवळजवळ टोचणी, कागद कापडावर टाचण्यांनी पक्का, आणि मग रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. ठिपके उमटतात. रॉकेल उडून जाईपर्यंत चुलीपासून, दिव्यापासून लांब ठेवायचं, हे सांगायची गरज नसावी, पण पोरीबाळी असतात म्हणून सांगते. बॉलपेन अजिबात नको, त्याच्या शाईचा डाग सहज निघत नाही. पेन्सिलही नको. तिची काजळी पांढऱ्या दोऱ्याला लागते आणि पांढरा दोरा तर तुमच्या पटात भरपूर असणार, कारण कापूस आहे.

दोरा एकाच कंपनीचा, एकाच वेळी, थोडा जास्तीचा आणा. लडीवरचा रंगाचा नंबर तोच असला तरी वेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्यात सावलीभर फरक पडतो, आणि आभाळासारख्या मोठ्या जागेत तो पट्टा होऊन दिसतो. किती लागेल याचा अंदाज असा काढा: प्रत्येक प्रकारच्या भरणीचा चार इंचाचा एक चौकोन चिंधीवर भरा, किती दोरा गेला ते मोजा आणि चित्रातल्या जागेच्या हिशोबाने गुणा. अँकर कंपनीच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची असते, म्हणजे लड्यांचा आकडा लगेच निघतो. लाल, गडद निळा आणि जांभळा हे रंग आधी तपासा. दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग आला तर तो दोरा पटाला नको, कितीही सुंदर असो. रंग निवडताना दिवसाचा उजेड पाहिजे. एलईडीच्या पांढऱ्या उजेडात रात्री निवडलेला हिरवा सकाळी निळसर निघतो.

आता भरणीकडे येते. तुमच्या गटातल्या ज्या बाया "आम्हाले काही येत नाही" म्हणतात, त्या सगळ्यांना गोधडीचा धावदोरा येतो. तोच वापरा. वावराच्या सरी, नांगरट, रस्ते, तळ्याचं पाणी, आभाळ, हे सगळं ओळीत ओळ धावदोऱ्याने असं भरता येतं की बघणारा थांबतो. मातीच्या दोन-तीन छटा घेऊन एका आड एक ओळ घातली की काळ्या मातीचं वावर तयार. टाका थोडा लहान-मोठा झाला तर वावर आणखी जिवंत दिसतं, कारण खऱ्या सरीही एका मापाच्या नसतात. रेशमी दिसणारी भरीव पाकळ्यांची भरण मात्र नवशिक्यांना देऊ नका. लांब टाका ढिला पडतो, बांगडीत अडकतो आणि ओढला तर कापड आकसतं. माझ्याकडे नियम असा आहे की भरीव टाका अर्ध्या पेरापेक्षा लांब घ्यायचा नाही. जागा त्याहून मोठी असेल तर टाका बदलायचा. मोठ्या जागेला बायोच्या पटातली, दोरे पसरून बारीक टाक्यांनी धरायची पद्धत चांगली. दोरा जवळजवळ सगळा वरच राहतो, मागे वाया जात नाही, आणि पंधरा मिनिटांत शिकता येते.

कापसाचं बोंड हे तुमच्या पटात जागोजागी येईल, म्हणून ते कसं भरते ते जवळून सांगते. बदामी कापडावर पांढरा कापूस दिसतच नाही. म्हणून आधी वाळलेल्या बोंडाची चार-पाच टोकं तपकिरी दोऱ्याने भरून घ्यायची, टोक बाहेरच्या बाजूला अणकुचीदार. त्यांच्या आतल्या बाजूला फिकट राखाडी रंगाची एकपदरी रेघ, ती सावली. मग मधे पांढऱ्या तीन पदरांचे गाठीचे टाके, अगदी चिकटून, सुईला दोनच वेढे देऊन. मध्यावर गाठींवर आणखी काही गाठी, म्हणजे बोंड फुटून वर आल्यासारखं होतं. पहिल्यांदा हे एका आजींनी भरलेलं पाहिलं तेव्हा मी बोट लावून बघितलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर ओटी बांधून कापूस वेचला तिला बोंडाचं टोक कुठे टोचतं ते ठाऊक असतं, आणि ते तिच्या टाक्यात येतं. मला माझ्या बारीक टाक्याने तसं बोंड भरता येत नाही.

वेचणी करणाऱ्या हातांचा आणखी एक मुद्दा आहे. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली असतात आणि रेशमाचा किंवा एकपदरी बारीक दोरा त्या कातडीत अडकून पिसतो. त्या बायांना सुती दोरा, तीन पदर आणि मोठ्या नेढ्याची सुई द्या. दोरा एका वेळी हातभरच. लांब दोऱ्याने वेळ वाचतो असं वाटतं, पण कापडातून पन्नासदा ओढला जाऊन तो शेवटी केसाळ होतो. तेल-ग्लिसरीन हाताला रात्री लावायला सांगा, भरायला बसण्याआधी नको, कापडावर डाग पडतात. उन्हाळ्यात घामाचं तेच. एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर बसावं आणि हाताखाली एक सुती फडकं ठेवावं. काम संपल्यावर रिंग काढून ठेवायची आणि सुई कापडात टोचून ठेवायची नाही. रिंगचा वळ बसतो आणि पावसाळ्यात सुईचा गंज उतरतो, तो निघत नाही.

तर मग उसवायचं कधीच नाही का? उसवायचं, पण कशासाठी ते ठरलेलं असावं. कापड आकसलं असेल, रंग सुटला असेल, मागे गाठ न बसता दोरा निसटत असेल किंवा मागून लांब दोरा ओढून नेल्याने तो समोरून काळा दिसत असेल, तर उसवायला हवं. कारण तो तुकडा टिकणार नाही किंवा शेजारच्याला बिघडवील. टाका लहान-मोठा आहे, थोडा तिरका आहे, पान जरा जाड झालं आहे, यासाठी उसवू नका. आणि उसवणं जिचं तिने, तुमच्या शेजारी बसून, दिवसा. तुम्ही रात्री घरी उसवलं तर दुसऱ्या दिवशी तिला ते पहिल्या नजरेत कळतं. स्वतःचा टाका बाईला ओळखू येतो. ती काही बोलत नाही, पण पुढच्या बैठकीला येत नाही, आणि तिच्याबरोबर तिची जाऊ, शेजारीण अशा आणखी दोघी-तिघी थांबतात. असे पट मी अर्धवट राहिलेले पाहिले आहेत. एका गावात एक म्हातारी तिच्या तुकड्याला हात लावू देईना. "थे माह्या हातचं हाय, राहू दे ना बाई," एवढंच म्हणाली. राहू दिलं. तिने भरलेल्या बैलाची पाठ उंचसखल आली होती, म्हणून बाहेरच्या बाजूने देठ टाक्याची आणखी एक रेघ घातली. आकार सावरला आणि तिचा एकही टाका निघाला नाही. ही युक्ती तुम्हाला फार कामी येईल: काढण्याऐवजी शेजारी एक ओळ घाला. तुमच्या भरलेल्या दोन तुकड्यांवर आधी हाच उपाय करून बघा. जिथे कापड आकसलंय तेवढंच उसवायला घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वेगळा तुकडा घ्यावा का. एक आख्खा तुकडा फक्त तुमच्या हातचा असला तर तो बाकी अकरांना फिका पाडेल किंवा त्यांच्यात परका दिसेल. त्यापेक्षा प्रत्येक तुकड्यात थोडं तुमचं असू द्या. माणसांचे चेहरे आणि हात, देवळाच्या कळसाचं टोक, बैलाचा डोळा, ही बारीक कामं तुम्ही घ्या. आणि जोड. जोड तुम्हीच करायला हवेत, त्याला खरं कसब लागतं. बायोचा पट लिननच्या नऊ तुकड्यांचा आहे आणि त्याच्या पहिल्या जोडापाशी किनारीची रेघ एकमेकींना मिळत नाही. ती आजही दिसते. पुढचे जोड नीट लपवले आहेत. तुमच्याकडे रस्ता, नदी किंवा रेल्वेचे रूळ एका तुकड्यातून दुसऱ्यात जात असतील, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच काहीच भरायचं नाही असं सगळ्यांना सांगा. तुकडे जोडून झाले, शिवण इस्त्रीने बसवली, की ती जागा वरून एकसलग तुम्ही भरा. तुमचा पट यवतमाळ-मूर्तिजापूरच्या बाजूचा असेल आणि त्यात तिथली अरुंद रुळांची शकुंतला गाडी येणार असेल, तर तिचे रूळ असे जोडावरूनच नेता येतील आणि शिवण दिसणारही नाही.

कुणाची गोष्ट कुणी भरायची, यावर बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, कारण पट बिघडतात ते टाक्यापेक्षा जास्त यामुळे. गावाचा इतिहास म्हणताना पाटलाचा वाडा, देऊळ, पोळा आणि तान्हा पोळा लगेच सुचतो. तांडा आणि वस्ती मागाहून, किनारीत आठवते. तसं होऊ देऊ नका. बंजारा बायांच्या फेटिया-कांचळीवरचं, म्हणजे घागरा-चोळीवरचं काम बघितलंय ना? आरसा धरायची त्यांची हातोटी आपल्याला येत नाही. त्यांचा तुकडा त्यांच्याच टाक्यात, त्यांच्याच रंगात भरू द्या, फक्त बाहेरची तपकिरी रेघ सगळ्यांची तीच ठेवा. आरसे आणि कवड्या जड होतात, म्हणून त्या तुकड्याला मागून मांजरपाटाचं अस्तर आधीच लावा.

बौद्ध वस्तीतल्या बायांबरोबर एका गावी काम केलं तेव्हा त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस घेतला. घराघरांतून आज्या-आजोबा बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला गेले होते. आता पांढऱ्या कपड्यांतली एवढी मोठी गर्दी बदामी कापडावर दाखवायची कशी? भरून भरून ती जड झाली असती. आम्ही गर्दी भरलीच नाही. कापड तसंच मोकळं सोडलं, फक्त खांद्यांच्या आणि पदरांच्या रेघा फिकट राखाडी-निळ्या दोऱ्याने घेतल्या, आणि सभोवतालचं मैदान धावदोऱ्याने गडद भरत नेलं. पाच पावलं मागे गेलं की मोकळं कापड माणसांनी भरलेलं दिसायचं. कुठले चेहरे पुढे घ्यायचे ते त्या बायांनी घरचे फोटो आणून ठरवलं. त्यात माझं काम फक्त राखाडी रंगाची छटा निवडायचं होतं. गाडगेबाबांच्या तुकड्यातही असंच. त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या कपड्याला दोऱ्याने भरण्यापेक्षा घरोघरच्या जुन्या लुगड्यांच्या खऱ्या चिंध्या लावून काज टाक्याने धरल्या, तर ते शंभरपट खरं दिसतं. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांना ते शोभतं आणि प्रत्येक घराची एक चिंधी पटात येते.

टांगण्याचं थोडक्यात. मागे वरच्या कडेला कापडाचा नेफा शिवून त्यातून लाकडी दांडा किंवा पाइप घाला, खिळे थेट कापडातून नको. समोरच्या खिडकीचं ऊन पटावर येऊ देऊ नका, लाल आणि गुलाबी रंग आधी उडतात. काढून ठेवायचा झाला तर घडी घालू नका. मलमल गुंडाळलेल्या पाइपवर, भरलेली बाजू बाहेर ठेवून, गुंडाळा. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून जवळ ठेवा, कापडाला लागू देऊ नका. अस्तराच्या मागच्या बाजूला सगळ्यांची नावं भरा. आणि पट कुणाच्या मालकीचा, बाहेर प्रदर्शनाला कुणी न्यायचा, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.

राहिली तारीख. २६ जानेवारी मला काही पटत नाही. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तुमच्या अर्ध्या बाया वेचणीला असणार, सकाळी जाऊन अंधार पडता घरी. त्यांनी रात्री बल्बखाली डोळे ताणून भरावं अशी अपेक्षा करू नये. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, त्या दिवशी सकाळची दोन तासांची बैठक वर्षभर चालते, असा माझा अनुभव आहे. भुलाबाईच्या दिवसांत, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, बाया-पोरी तशाही संध्याकाळी जमतात, ते दिवस सोडू नका. तारीख १ मे पर्यंत नेता आली तर वेचणी संपून दोन-तीन निवांत महिने मिळतील. ग्रामपंचायतीने तारीख हलवायला नकार दिला, तर बारापैकी सहा तुकडे पूर्ण करून जानेवारीत लावा आणि उरलेले सहा नंतर जोडा. त्यासाठी सहाव्या तुकड्याच्या उजव्या कडेला तीन इंच मोकळे आणि चार इंच जादा कापड आत दुमडून ठेवायचं, एवढं आजच ठरवून टाका. भरलेल्या दोन्ही तुकड्यांचे पुढून आणि मागून फोटो दाखवलेत, तर नेमकं कुठे उसवायचं आणि कुठे नुसती रेघ घालायची ते मी सांगू शकेन.